बुचमामांचा खिसा

आमच्या बुचमामांच्या शर्टाच्या खिशात गांडुळं असत. डबीत घालून, हे खरं. पण ती डबी मूळची तंबाखूची, तिचं झाकण ढिलं, आणि मामा त्याच खिशातून आमच्या पोरीला लिमलेटची गोळी काढून देत. बायको ती गोळी त्यांच्या देखत नळाखाली धरायची. मामा म्हणत, "धू की. गोळीच बारीक व्हईल, तुजीच पोरगी रडंल."

मला मुळात किळस फार. भातात केस दिसला तर ताट सरकवणारा मी, आणि सख्खा मामा मिळाला तो असा! एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून ते जवळजवळ रोज वडकबाळजवळ सीना नदीच्या काठी गळ टाकून बसत. दोरीला ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडा बांधायचा. तो पाण्यावर तरंगतो आणि मासा लागला की बुडतो. त्या तुकड्याला ते बुच म्हणत, म्हणून ते बुचमामा. परतताना सात रस्ता चौकाजवळ आमच्या घरी चहाला थांबत. ते उठून गेल्यावरही सोफ्याला चिखलाचा, चिलापी माशांचा आणि तंबाखूचा वास येत राही.

माझं बीपी वाढलं तेव्हा मामांनीच मला नदीवर नेलं. "बुचाकडं बगत बस. गोळीपरीस गुणाचं हाय." तिथं पोचल्यावर बीपी आणखी वाढलं असावं. पाणी इतकं संथ, की वाहतंय का सडतंय तेच कळेना. काठाला निर्माल्याच्या पिशव्या, एक फुगलेलं डायपर, त्यावर निवांत बसलेल्या माश्या. मी नाकाला रुमाल लावला. मामांनी तिथंच भाकरीचं फडकं सोडलं आणि शेंगाचटणी माझ्यापुढं केली, नुकतंच गांडूळ तोडलेल्या बोटांनी. मला भूक नव्हती.

मी रबरी हातमोजे नेले होते. ते बघून मामांनीच तोंड वाकडं केलं. मग नाइलाजानं मी चिमटीत गांडूळ धरलं. ते वळवळलं, गार आणि बुळबुळीत लागलं, तसं मी ते फेकलं आणि हाताला सॅनिटायझर चोळला. पुढच्या गांडुळाला तोच वास लागला असणार. शेजारी मामांचं बुच सारखं बुडत होतं, माझं ढिम्म हलेना.

"माशाला बी तुजी किळस आली की," मामा म्हणाले.

मी चिडलो. "मामा, मला शिसारी येते. त्याला मी काय करू?"

"येऊ दे की. मी कुटं म्हनलो येऊ नगं? तोंडानं शी म्हण. पर हात काडू नगं."

एवढंच त्यांचं शिकवणं. मी दर वेळी मोठ्यानं शी म्हणायचो आणि गळाला गांडूळ ओवायचो. बुच थरथरलं की मी घाईनं गळाची काठी उपसायचो, तर मामा म्हणत, "त्यो चव बगतुया. बगू दे. बुच बुडंल, मग वड." पहिली चिलापी हातात धरली तेव्हा मला ओकारी आली. संध्याकाळी मामांनी ती तळली, ती मात्र मी मिटक्या मारत खाल्ली. "ताटात चालती, हातात चालत न्हाय," असं ते नंतर येईल-जाईल त्याला सांगत.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगवायू झाला. मामी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. आम्ही त्यांना घरी आणलं. नातेवाईक आले, नाकाला पदर लावून दारातूनच "काळजी घ्या" म्हणाले आणि बिस्किटाचा पुडा ठेवून गेले. नदीकाठच्या त्या डायपरची आली नव्हती एवढी किळस मला त्या लोकांची आली. मामांचं सगळं करायला एक मदतनीस येई, त्यामुळे माझं निभत होतं.

एका सकाळी तो आलाच नाही. बायको तिच्या शाळेत गेलेली. मामांनी अंथरुणातच केलं होतं आणि वास खोलीभर भरला होता. मी दारात उभा राहिलो. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"जा तू," ते अर्ध्या जिभेनं म्हणाले. "कुनाला तरी बोलीव."

उभ्या जन्मात कशाचीही किळस न आलेला माणूस, आता स्वतःची किळस येऊन डोळे मिटून पडला होता. ते मला बघवेना. वास नाकात होताच. मी बाह्या वर केल्या, कोमट पाणी आणलं, चादर ओढली, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "शी! मामा, शी!"

त्यांनी डोळे उघडले. तोंडाची चालणारी बाजू हळूहळू हसली.

"आन् हात?"

"हात काढला नाही, मामा."

दिवाळीच्या आधी मामा गेले. त्यांची डबी माझ्याकडं आहे. बायको ती घरात घेऊ देत नाही आणि खिशात ठेवायची माझी अजून हिंमत होत नाही, म्हणून ती गाडीच्या डिकीत असते. सुट्टीच्या दिवशी मी वडकबाळला जातो. नदी होती तेवढीच घाण आहे. गांडूळ उचललं की माझ्या तोंडून अजूनही शी निघतं, आणि शेजारी कुणी हसत नाही.