चिपाडातलं सॉर्बिटॉल

सांगलीच्या कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण उसाच्या चिपाडापासून सॉर्बिटॉल बनवायला धडपडत होतो. मधुमेही लोकांच्या मिठाईत घालतात तो हा गोड पदार्थ. चिपाडातला सेल्युलोज पाण्यात घालून हायड्रोजनच्या दाबाखाली तापवायचा. निकेल बसवलेली कोळशाची पूड त्यात उत्प्रेरक. कितीतरी महिने हाती काही लागलं नाही. मग अचानक भरपूर सॉर्बिटॉल मिळू लागलं. आमचे गाइड सर खूश झाले, शोधनिबंध छापायला गेला.

नागपंचमीला ती शिराळ्याला घरी गेली, तेव्हा मी एकटीनं प्रयोग केला. काहीच निघालं नाही. पुन्हा केला, तरी तेच. ती परतल्यावर मी विचारलं.

"मी भांड्यात ग्लुकोज टाकत होते," ती खाली बघत म्हणाली. "तू लय खचली होतीस गं. बघवत नव्हतं."

ग्लुकोजचं सॉर्बिटॉल कुणीही करतं; अवघड असतं ते चिपाडातला सेल्युलोज फोडून ग्लुकोज सुटं करणं. माझ्या डब्यातलं जेवणारी ही बाई रोज माझा आनंद बघत होती आणि गप्प होती. मी सरांना सांगून निबंध मागे घेतला. तिनं गाइड बदलले.

पुढच्या वर्षी चिपाडातून खरंच थोडं सॉर्बिटॉल निघालं. मी सरांनाच काय, शिपायालाही सांगितलं. तिला मात्र सांगितलं नाही.