निखाऱ्यांचा तांब्या आणि गुलाबी साडी

परवा माकणीला अक्काकडं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडं गेलो होतो. भाची मोबाईलवर इंग्रजी शब्दांची कुळं शोधत बसलेली. "मामा, प्रेस म्हणजे मुळात लॅटिनमधलं दाबणं. आधी द्राक्षं पिळायचं यंत्र, मग त्याच धर्तीवर छपाईचं, मग बातम्या छापणारेही प्रेस!"

"आणि तांब्या? तो कुठं गेला?" मी विचारलं.

सास्तूरला आमच्या घरी प्रेस म्हणजे इस्त्री, आणि इस्त्री म्हणजे पितळेचा तांब्या. त्यात चुलीतले रसरशीत निखारे भरायचे, काठ सांडशीत धरायचा आणि बूड कपड्यावरून फिरवायचं. आधी बुडाला ओलं बोट लावायचं. चर्र झालं की जरा थांबायचं. अण्णा, आमचे वडील, हे काम रथ हाकल्याच्या थाटात करायचे.

अक्काला बघायला माकणीचे पाहुणे येणार होते. मुलगा तिनं एका लग्नात पाहिला होता. तेव्हापासून दुसऱ्या स्थळाचं नाव काढू देत नव्हती. आईची गुलाबी साडी अण्णांनी प्रेसला घेतली आणि बाहेर फटफटी वाजली. पाहुणे तासभर आधीच! अण्णांची मान दाराकडं वळली, तांब्या जागीच राहिला. साडीवर वाटीएवढा गोल, तपकिरी डाग.

अक्काच्या डोळ्यांत पाणी. दुसरी साडी कुठली? आईनं डाग निऱ्यांत दडवला.

पोहे झाले, शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या आईचा हुकूम सुटला, "जरा चालून दाखव, बाई."

दुसऱ्याच पावलाला निऱ्या उलगडल्या. डाग सगळ्यांसमोर! अण्णा आढ्याकडं बघू लागले, जणू तो तिथंच पडलाय.

मुलाच्या आईनं डागावरून बोट फिरवलं. "काय हो पाहुणं, तांब्या ना? ओलं बोट लावलं न्हाय व्हय?"

"लावलं की! पण तुमची फटफटी वाजली..."

"मग चूक आमचीच." ती लेकाकडं वळली. "ऊठ रं, पाठ दाखव."

मुलगा लाजत फिरला. नव्या शर्टाच्या पाठीवर तसाच गोल डाग. सगळं घर हसलं. अक्कानं पहिल्यांदा मान वर केली, आणि दाजी भिंतीकडं तोंड करून तसेच उभे. वळायचं कुणी सांगितलंच नव्हतं!

भाची खिदळली. "म्हणजे बाबांच्या शर्टाला डाग होता?"

आतून अक्का ओरडली, "होता न्हाय, हाय! साडीसंगट पेटीत ठिवलाय म्या."