सलीमले बलाव

मंगळवारी माझं आणि शेजारच्या जुबेदाचं भांडण झालं होतं. साधंच. दोन घरांच्या मधल्या भिंतीवर मी पायपुसणी वाळत घातली होती आणि त्यांचं पाणी तिच्या पापडांवर गळलं. भर पावसाळ्यात पापड कोण घालतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ऊन पडलं म्हनून टाकले. आता का तुह्या शाळेले सुट्टी पाहून टाकू?" आणि शुक्रवारी दुपारी तिला माती देऊन आलेले लोक तिच्याच अंगणात हातपाय धूत होते. मी भिंतीच्या अलीकडून ते बघत होते आणि डोक्यात एकच चालू होतं, हे काहीतरी चुकतंय... कुणीतरी येईल आणि सांगेल की ती दुसरीच कोणी होती. आता दोन महिने होत आले. अजून कोणी आलेलं नाही.

जुबेदा म्हणजे नागभीडच्या करीमभाऊ गादीवाल्यांची बायको, आणि वीस वर्षं माझी शेजारीण. करीमभाऊ कापूस पिंजायचे, ती खोळी शिवायची. पण आसपासच्या गावांतले लोक तिला ओळखायचे ते वेगळ्याच कारणासाठी. मुलगा नौदलात निघाला की आईबाप आधी तिच्या ओट्यावर यायचे. कारण तिचा सलीम या भागातून पहिला गेला, नव्वदीच्या सुरुवातीला. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, फार झालं तर वैनगंगा. जहाज कुणी पाहिलेलं? सलीमची निवड झाली तेव्हा या नवराबायकोनं दिसेल त्याला विचारलं. वरोऱ्याला एक निवृत्त सुभेदार राहतात म्हणून कळलं, तर तिथंही जाऊन आले. सुभेदारांनी परेडचं सगळं सांगितलं, समुद्राचं त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी करीमभाऊंनी त्यांच्या परीनं तोड काढली. पोरगा लोखंडावर झोपणार म्हणून निवडक कापसाची जाडजूड गादी भरली. सलीमनं ती गुंडाळी खांद्यावर टाकून, गाड्या बदलत बदलत पार ओरिसापर्यंत नेली. ट्रेनिंगच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणे इतका हसला, इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. गादी तिथल्या चहावाल्याला देऊन टाकली. जुबेदा ही गोष्ट स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "आमच्या घरचा पहिला माल समुद्राकाठी चहावाल्यानं वापरला."

मग एकेक करत लोक यायला लागले. धानाच्या शेतातून उठून आलेली माणसं, धोतराला चिखल तसाच. बापाचा पहिला प्रश्न, जहाज बुडते का? आईचा पहिला प्रश्न, तिथी भात भेटते का? भात भेटते म्हटलं की आईचा अर्धा जीव खाली पडायचा. मुलगा सोबत असला तर जुबेदा त्याला उजेडात उभा करून तोंड उघडायला लावायची. "खर्रा खाते हा," ती बापाला सांगायची, "दात पाह्य त्याचे. डाक्टर तिथूनच वापस पाठवन." पोरगा लाल व्हायचा आणि बाप हळूच आपलीही तंबाखू-सुपारीची पुडी खिशात ढकलायचा. मला शाळेतून येताना हा तमाशा रोज दिसायचा आणि मी तिला म्हणायची, तू आता ओट्यावर पाटीच लाव. ती म्हणायची, "पाटी तू लिव. तुले तेवढंच येते."

पण चहापाणी झालं, हसणं झालं, की ती आईला एकटीला आत न्यायची आणि तिथं जे सांगायची ते काही गोड नसायचं. "हे धरून चाल बाई, तू मरशीन तवा तो येनार नाई. तुह्या मातीले तो राहनार नाई. जहाज समुद्रात असन तं त्याले उतरता येत नाई, त्याच्या साहेबालेही उतरता येत नाई. बलावाचं नाई. हे जमत असन तं पाठव." सलीम नवीन नोकरीत होता तेव्हा त्याची दादी वारली होती. म्हातारीनं त्याच्या नावाचा धोसरा काढला होता, सारखी त्यालाच हाका मारत होती, आणि तो पोचला चाळिसावा दिवस उलटल्यावर. तेव्हापासून जुबेदा हे सांगायची. एकदा एक आई हे ऐकून उठली आणि पोराला घेऊन सरळ घरी गेली. मी संतापले. म्हटलं, तुला काय अधिकार? पोराची आलेली नोकरी घालवलीस. ती शांतपणे सुईत दोरा ओवत राहिली. "पाठवून मंग जिंदगीभर रडन, त्यापेक्षा आता नेला तं बरं झालं." माझं समाधान झालं नाही, पण गेलेल्या पोरांच्या कुठल्याच आईनं तिला नंतर बोल लावला नाही हेही खरं.

बुधवारी तिला ताप भरला. धानाच्या रोवणीचे दिवस, घरोघरी ताप, तीही म्हणाली की दोन गोळ्यांत उतरेल. गुरुवारी सकाळी ती करीमभाऊंना ओळखेना. आम्ही जीप करून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. मलेरिया मेंदूपर्यंत गेलाय, असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच कामाला लागले. दुपारी ती एकदम शुद्धीवर आली. करीमभाऊ औषधं आणायला खाली गेले होते, मी एकटीच होते. तिनं माझा हात धरला, घट्ट, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "सलीमले बलाव."

मी म्हटलं, अगं, तो जहाजावर आहे, तूच तर सगळ्यांना सांगतेस की...

"ते मी लोकायले सांगतो," ती म्हणाली. "मले माह्या पोराले पाह्यचं आहे. बलाव त्याले."

मी धावत बाहेरच्या बूथवर गेले आणि सलीमनं दिलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. त्यानं सगळं लिहून घेतलं, जहाज बाहेर आहे, निरोप पोचवतो म्हणाला. मी वर आले आणि तिला सांगितलं, बोलावलंय. ती दाराकडे बघत होती. संध्याकाळनंतर ती काही बोलली नाही आणि शुक्रवारी पहाटे गेली. तीन दिवसांपूर्वी माझ्याशी पापडांवरून भांडणारी बाई! मी अजून तिथंच अडकले आहे. राग येतो, कुणावर ते कळत नाही.

करीमभाऊ सलीमसाठी माती थांबवायला तयार नव्हते. "तो येनार नाई, मॅडम. तिनंच सांगतलं आहे," एवढंच म्हणाले. तिनं शेवटी काय मागितलं ते मी त्यांना दवाखान्यातच सांगितलं होतं. दवाखान्यात आणखी चार माणसं होती, त्यामुळे ते गावभर झालंच. एकजण माझ्या तोंडावर म्हणाला, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्याला जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही.

सलीम पुढच्या आठवड्यात आला. आई आजारी एवढाच निरोप त्याला मिळाला होता, बाकीचं बंदरात उतरल्यावर. ओट्यावर चढून तो बापासमोर बसला. मी चहा घेऊन गेले होते. त्यानं बापाला विचारलं, "अम्मीने मेरा नाम लिया था?" करीमभाऊंनी मान वर केली नाही. "होश में ही नहीं थी, बेटा." वीस वर्षांत या माणसाला मी एक खोटा शब्द बोलताना ऐकलेलं नाही. सलीम आत गेल्यावर मी त्यांना धारेवर धरलं, तर म्हणाले, "सांगून का होते? रातदिवस पान्यावर तो तेच आइकत राहीन." मला पटलं नाही. पण पोरगा त्यांचा, बायको त्यांची. मी गप्प बसले आणि सलीम नोकरीवर परत गेला.

गेल्या शुक्रवारी मूल तालुक्यातल्या एका गावचं जोडपं आलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मुलाचा नौदलाचा निकाल लागलाय, बाई कुठी आहे, असं विचारत ओट्यावर बसलं. मी भिंतीला वळसा घालून तिकडे गेले. करीमभाऊंनी सांगितलं, ती वारली. दोघं एकदम उठून उभी राहिली, आता काय करावं ते त्यांना कळेना. तेव्हा करीमभाऊंनी त्यांना बसवलं आणि, जो माणूस आजवर फक्त चहा आणून द्यायचा, तो बोलायला लागला. जुबेदा आत जे सांगायची ते सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "आन हेही आइका. तिनं शेवटी त्याले बलावलं. तो आला नाई. दोन्ही आइकून ठरवा." मी थक्क झाले. पोटच्या पोराला जे सांगितलं नाही ते त्यांनी पाच मिनिटांच्या ओळखीच्या माणसांना सांगितलं.

ती आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुमच्या पोराले हे मालूम आहे का, भाऊ?"

"नाई."

"सांगा त्याले." ती आता त्यांच्याकडे सरळ बघत होती. "मी माह्या पोराले पाठवतो. पन मी बलावलं आन कोनी त्याले सांगतलंच नाई, तं तो समजन मायले आपली यादच आली नाई."

जोडपं बस पकडायला निघून गेलं.

आमच्या गल्लीत फोन माझ्याकडेच. सलीम बंदरात असला की रविवारी फोन करतो. फोनजवळच्या स्टुलावर जुबेदा बसायची, करीमभाऊ तिच्या मागे उभे राहायचे आणि शेवटी रिसीव्हर घेऊन "ठीक हूँ, बेटा" एवढंच म्हणायचे. या रविवारी ते घंटी वाजायच्या आधीच येऊन उभे होते. मी स्टूल पुढे सरकवलं, त्यावर ते बसले नाहीत. फोन आला. ते म्हणाले, "बेटा, मैंने झूठ बोला था. तेरी अम्मी होश में थी. उसने बुलाया था तुझे."

पलीकडून सलीमनं काहीतरी विचारलं. करीमभाऊंनी ऐकून घेतलं. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"क्या बोली थी, पूछ रहा है," ते म्हणाले. "मी नव्हतो ना तिथी."

मी स्टुलावर बसले आणि त्याला सांगितलं, तिच्याच शब्दांत.