ऐरणीवरचा बूट

सरांनी बूट ऐरणीवर ठेवला.

पांढरा बूट. गोल्फ खेळताना घालतात तसला, तळाला बारीक खुंट्या असलेला. ऐरण आमची होती, आप्पांच्या आजोबांपासूनची. ऐरणीपलीकडे माझी आई घण डोक्यावर उचलून उभी होती. खाली आप्पा बसले होते, सांडशीत लोखंडाचा थंड तुकडा धरून. फोटोग्राफर कन्नडमधून म्हणाला, "अम्मा, हागे इरी." तसंच थांबा.

आई तशीच थांबली.

हे मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी बेंगळुरूत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या आमच्या गावात सातवीपर्यंत मराठी शाळा होती, तेवढंच माझं मराठी लिहिणं.

आम्ही घिसाडी. आजोबा पाल घेऊन गावोगाव फिरायचे, विळे-कुऱ्हाडी करून द्यायचे. ते तापलेलं लोखंड सांडशीत धरायचे आणि आजी घण मारायची. आमच्यात घण बाईच मारते. आईनंही मारलाय. माझी सातवी झाल्यावर आप्पा आम्हाला घेऊन बेंगळुरूजवळ होसकोट्याला आले आणि फोर्जिंगच्या कारखान्यात लागले. तिथं घण नाही, यंत्राचा मोठा हॅमर आहे. कानात बोळे घालून, पिवळं हेल्मेट घालून आप्पा त्यावर काम करतात. ऐरण घरी पलंगाखाली असते.

इंटर्नशिपसाठी मी बसवनगुडीतल्या एका छोट्या कंपनीत लागले. ती गोल्फच्या काठ्या बनवते. लोखंडी डोक्याच्या काठीला आयर्न म्हणतात. ते डोकं दोन तऱ्हांनी करतात. एक तर वितळलेलं पोलाद साच्यात ओतायचं. नाही तर मऊ पोलादाचा तुकडा लालभडक तापवून साच्यात ठेवायचा आणि वरून घाव घालून दाबायचा. या दुसऱ्याला फोर्ज्ड म्हणतात. ते महाग विकतं. पुढं यंत्रावर त्याची पाठ कोरतात, वजन कडांकडं आणि खाली नेतात, म्हणजे चेंडू मधोमध नाही लागला तरी काठी हातात फार वळत नाही. माझ्याकडं त्या डोक्याचा तळ होता. काठी गवतात रुतू नये, घसरून पुढं जावी, यासाठी तळाला किती फुगवटा द्यायचा, एवढंच माझं काम. मला ते फार आवडायचं. कॉम्प्युटरवर ती गोलाई केसाएवढी बदलायची आणि पुन्हा पुन्हा फिरवून बघायची. जेवणाची सुट्टी कधी संपली, कळायचं नाही.

फोर्ज्ड आयर्नचा मार मऊ लागतो म्हणतात. तो मऊपणा हाताला कळतो की नुसता कानाला वाटतो, यावर ऑफिसात वाद चालायचे. मला कुणी विचारायचं नाही. मी कधी खेळलेच नव्हते.

कंपनीतल्या आमच्या मॅडम पुण्याच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अय्या, तू मराठी? बरं झालं बाई, कुणीतरी बोलायला मिळालं." खरंच चांगलं वागायच्या. कुणी काम घाईत उरकलं की हसत म्हणायच्या, "घिसाडघाई नको हं." मी स्क्रीनकडं बघत राहायचे. त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या आयर्नची डोकी आप्पांच्याच कारखान्यात घडायची. नमुने बघायला मॅडम आल्या तेव्हा मी आप्पांना बोलावलं. त्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं. मी म्हणाले, "हे माझे वडील." मग मॅडमनी विचारलं आणि आप्पांनी सगळं सांगितलं. आजोबा, पाल, ऐरण, घण मारणारी आई. मॅडमचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे जनरेशन्स तुम्ही हेच करताय?"

"होय जी. आधी गावाकडं, आता हितं."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये जाहिरात ठरली. आई-आप्पा, ऐरण, घण. मी हळूच म्हणाले, "मॅडम, आपल्या काठीचं डोकं हॅमरखाली घडतं. आप्पा रोज तेच करतात. तिथंच फोटो काढू या ना."

"फॅक्टरी नको गं. हेल्मेट, युनिफॉर्म दिसला की वस्तू स्वस्त वाटते. लोकांना हाताची जादू हवी असते."

"पण हातानं नाही करत."

"अगं, खोटं काय आहे त्यात? तुमचाच वारसा आहे ना? तुला तर प्राउड वाटायला हवं."

त्यांनी आप्पांना स्वतः फोन केला. आप्पा लगेच हो म्हणाले. लेकीच्या मॅडमना ते नाही म्हणणार नव्हते.

शूटिंग शहराबाहेरच्या एका गोल्फ कोर्सवर होतं. कंपनीची गाडी मोठ्या फाटकातून आत गेली. आम्ही ऐरण घेऊन टेम्पोत होतो, आम्हाला मागच्या फाटकाकडं पाठवलं. आप्पा इस्त्रीची पँट आणि दसऱ्याचा शर्ट घालून आले होते. त्यांना धोतर आणि मुंडासं दिलं. एका मुलीनं आईच्या गालावर काळं फासायला घेतलं.

आई म्हणाली, "हे कशाला गं?"

"काम करताना लागतं ना, तसं."

"आम्ही काम करताना तोंड पुसतो."

मुलगी हसली आणि दुसरा गाल रंगवला.

गवत जळेल म्हणून विस्तवाला परवानगी नव्हती. कोळशाखाली एक नारिंगी दिवा लावला. आप्पा त्या दिव्याकडं बघत राहिले. मला म्हणाले, "धग न्हाई ह्याला."

सर म्हणजे कंपनीत ज्यांचा पैसा आहे ते. याच कोर्सवर खेळतात. हातात आमचं आयर्न, मी तळ केलेलं. त्यांना ऐरणीशेजारी उभं राहायला सांगितलं होतं. एकदोन फोटो झाले. मग त्यांनी आपणहून पाय वर घेतला आणि ऐरणीवर ठेवला. गुडघ्यावर हात, हातात काठी.

"हाऊ इज धिस?"

मॅडम म्हणाल्या, "परफेक्ट, सर."

आमच्यात ऐरणीला पाय लावत नाहीत. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतात. पलंगाखाली झाडतानासुद्धा आई केरसुणी तिच्याकडं नेत नाही, फडक्यानं पुसते. आप्पांनी बुटाकडं बघितलं. मग नजर सांडशीवर आणली.

माझ्या हातात पांढरा थर्माकोल होता. उजेड फेकायला दिला होता. मी उजेड सरांच्या बुटावर फेकत होते.

"आणखी एक," फोटोग्राफर म्हणाला. "अम्मा, स्वल्प मेले." थोडा वर.

आईनं घण थोडा वर घेतला. तिचा उजवा खांदा दुखतो. दंड थरथरायला लागले. खाली आणायचा तर खाली सरांचा पाय. बाजूला घ्यायचा तर फोटो बिघडेल. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझं काही बिघडू नये म्हणून ती कुणाकडंच बघत नव्हती.

"आणखी एक."

मी थर्माकोल गवतावर ठेवला. पुढं गेले. माझा आवाज फार बारीक आला.

"सर, प्लीज टेक युअर फूट ऑफ."

त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं. ते मॅडमकडं बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "अगं, काय झालं?"

"पाय काढायला सांगा त्यांना. आईला घण खाली आणायचाय."

सरांनी तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं. घणाकडं. आणि पाय काढला.

आईनं घण बाजूला गवतावर टेकवला. थंड लोखंडावर तिनं घाव घातला नाही. सरांनी मॅडमना विचारलं, "इज शी विथ अस?"

"ओन्ली ॲन इंटर्न, सर."

मला वाटलं होतं, टेम्पोत आप्पा काहीतरी म्हणतील. पाठीवर हात ठेवतील, असंही वाटलं होतं. ते रस्त्याकडं बघतच म्हणाले,

"काढलाच असता की त्यांनी पाय. फोटो झाल्यावर."

"आप्पा, आई घण धरून उभी होती."

"मग? उभं ऱ्हायलाच आलो व्हतो आपण."

आई पदरानं गाल पुसत होती. काळं निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं.

सोमवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावलं, मला पाणी दिलं. "मला तुझं वाईट वाटतंय. पण तू सगळ्यांसमोर त्यांचा इन्सल्ट केलास. आणि बूट नवीन होता अगं, स्वच्छ होता." मग म्हणाल्या, "सरांना एक मेल टाक. मी अनप्रोफेशनल वागले, माफ करा. दोन ओळी. सर्टिफिकेट मी काढून देते."

सर्टिफिकेटशिवाय कॉलेज इंटर्नशिप धरत नाही. इंटर्नशिप नाही तर सेमिस्टर अडकतं, आणि ते पुन्हा पुढच्या वर्षीच. कॉलेजातल्या आमच्या सरांना सगळं सांगितलं. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "लिहून टाक. अशा गोष्टी पुढं खूप येतात." आप्पा रोज जेवताना विचारतात, "लिवलीस का?" आई विचारत नाही. पण लिहू नको, असंही म्हणत नाही.

जाहिरात आली. आप्पांच्या जागी दुसरा माणूस, दुसरी ऐरण, दाढीवर छान राख उडवलेली. खाली 'हाताने घडवलेलं' असं लिहिलंय. काठीचा तळ माझाच आहे, एक रेघ बदललेली नाही. खप चांगला आहे म्हणतात. कारखान्यात कंपनीची माणसं आली की आप्पांना मागं गोदामात पाठवतात. ते जातात.

म्हणजे काही बदललं नाही. मी पाय काढायला लावला आणि सगळ्यात जास्त नुकसान माझ्याच माणसांचं झालं. मी हे कितीतरी वेळा उलटसुलट करून बघितलं. मेल लिहायलाही बसले होते. "डिअर सर" लिहिलं. पुढं काय लिहायचं, ते ठाऊक होतं. सोपं इंग्रजी होतं. मला येत होतं.

लिहिणार नाही.

सेमिस्टर अडकू दे. वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसीन. मुलाखतीत विचारतील, वर्ष का गेलं. तेव्हा तब्येत बरी नव्हती, असं सांगायचं सगळ्यांनी सुचवलंय. मी तसं सांगणार नाही. आम्ही घिसाडी आहोत इथपासून सुरू करीन आणि झालं ते झालं तसं सांगीन. मग त्यांनी मला घेतलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दारात जाऊन पुन्हा हेच सांगीन.