एका माणसाची कंपनी

२०१७ साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि माझा भाचा ‘मी’ म्हणायचं सोडून ‘आमची कंपनी’ म्हणू लागला होता. ‘मामा, आमची कंपनी आज जेवायला येणार नाही,’ असा फोन यायचा. कंपनीत माणूस एकच. बाकी एक खोली, एक टेबल आणि टीव्हीला लावून गेम खेळायचा एक काळा डबा, जो त्याने स्वतः बनवला होता. कुंभकोणमात बसून तो जगातल्या बड्या बड्यांना पाणी पाजणार होता. मग आमची सगळी गल्ली त्यालाच ‘कंपनी’ म्हणू लागली. कंपनी आला, कंपनी गेला, कंपनीने दाढी केली नाही.

मी पाचवीपर्यंत शिकलो, तेही तमिळ शाळेत. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलत आले आणि अक्षरं आजोबांनी गिरवून घेतली, म्हणून हे लिहू शकतो. पण महामहम् तलावामागच्या गल्लीत पंचवीस वर्षं मी दुकानात तासाच्या भाड्यावर व्हिडिओ गेम लावले. कुठला डबा चालतो आणि कुठला आपटतो, हे मला कोट घालून भाषणं देणाऱ्या साहेबांपेक्षा जास्त कळतं. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

डब्याला कोणी विचारत नाही. जो खेळ दुसरीकडे मिळत नाही, त्या खेळासाठी गिऱ्हाईक येतं. एका वर्षी एक डबा आला, सगळ्यांत ताकदवान म्हणे. त्यासाठी खेळ लिहिणं इतकं अवघड करून ठेवलं होतं, की लिहिणारे पळून गेले. चार खेळ निघाले, त्यातले दोन मोटारींचे. मी तो माळ्यावर टाकला. दुसरा एक डबा साधा, स्वस्त, दिसायला टिफिनच्या डब्यासारखा. पण त्याच्या खेळांना तोटा नव्हता आणि शेजारच्या घरातही तोच होता, त्यामुळे खेळांची अदलाबदल व्हायची. तो दहा वर्षं चालला. मग त्याच साहेबांच्या डोक्यात हवा गेली. गिऱ्हाईक आपल्याला सोडून कुठे जाणार, असं वाटून त्यांनी पुढचा डबा दुप्पट किमतीला काढला. गिऱ्हाईक गेलं. इतकी साधी गोष्ट कळायला यांना परदेशात शिकावं लागतं, आणि शिकूनही कळत नाही.

आमचा कंपनी याच जातीचा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘आधी डबा, मग खेळ.’

‘आणि तोवर लोकांनी काय करायचं? डबा पुसायचा?’ मी विचारायचो.

‘डबा चांगला असला की खेळ बनवणारे आपोआप येतात, मामा.’

‘कुठून येतात? मायावरमच्या बसने?’

तो हसायचा. माझ्या बोलण्याचा त्याला कधी राग आला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. बटण दाबल्यावर टक् आवाज यावा की टुक्, यावर त्याने एक महिना घालवला. रोज संध्याकाळी डोळे मिटून बटणं दाबत बसायचा, वीणा लावत असल्यासारखा. डब्याच्या हातभर अंतरात कुणी कॉफी आणलेली त्याला चालत नसे. डब्याचे कोपरे नेसल्या वेष्टीच्या टोकाने पुसायचा. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. नाहीतर तिने तो डबा केव्हाच अरसलार नदीत फेकून दिला असता.

एकच गोष्ट त्याच्या नशिबाने बरी झाली. तिरुभुवनमच्या एका विणकराची मुलगी, गोमती, त्याच्यासाठी खेळ लिहायला तयार झाली. परिसलीत, म्हणजे टोपलीसारख्या गोल नावेत, दोघांनी बसायचं, दोघांनी वल्हवायचं आणि पुरातली कावेरी पार करायची. दोघांचं जमलं नाही तर परिसल जागच्या जागी गरगरते. माझ्या दुकानात तो लावून बघितला तेव्हा कॉलेजची मुलं उठेनात. मी मनात म्हटलं, या खेळासाठी लोक हा फालतू डबासुद्धा घेतील.

तिरुचीचा एक मोठा व्यापारी डबा बघायला येणार होता. त्याने घेतला तर त्याच्या सगळ्या दुकानांत लागणार. नाही घेतला तर कंपनी बेंगळुरूला नोकरीला जाणार; पत्र येऊन पडलं होतं. कुंभकोणमात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

गोमती म्हणाली, पोंगलपर्यंत थांबा, आणखी दोन खेळ होतील. मी म्हटलं, विजयादशमी सोडून जानेवारीतलं पोंगल कशाला? नवं काम त्या दिवशी सुरू करतात. मी वडील माणूस. तारीख मी ठरवली.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजा. हातोडीपासून बसपर्यंत सगळ्याला गंध लागतं, आणि पूजेला मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. कंपनीच्या घरी मी डबा पाटावर मांडला. कंपनी चुळबुळत म्हणाला, ‘मामा, गोमती येणार आहे. थोडं काम राहिलंय.’

‘त्याला आज हात लागला, तर मी पुन्हा तुझ्या घरात पाऊल ठेवणार नाही.’

ती आलीच. मी आत चंदन उगाळत होतो. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

‘अण्णा, दुसऱ्या भोवऱ्यापाशी खेळ अडकतो. कारण सापडलंय. अर्धा तास द्या.’

‘आज मशीन पूजेला बसलंय, गोमती.’

‘उद्या सकाळी ते लोक येणार. मग कधी करू? देवाला अर्धा तास चालणार नाही?’

‘मला चालणार नाही,’ कंपनी म्हणाला.

ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

व्यापारी सकाळी सातला हजर. तो आणि त्याचा मॅनेजर वल्ही, म्हणजे बटणांचे रिमोट, घेऊन बसले. पहिल्या भोवऱ्यात मॅनेजर साहेबांवर ओरडला, ‘डावीकडे, सार, डावीकडे!’ आणि दोघे हसायला लागले. दुसऱ्या भोवऱ्यापाशी कावेरी थिजली. परिसल थिजली. कंपनीने डबा बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

‘दुसरा खेळ लावा.’

‘दुसरे पोंगलला येतील, सार.’

‘मग डबासुद्धा पोंगलला दाखवायचा. एवढी घाई कुणाला होती?’

‘मलाच होती,’ कंपनी म्हणाला.

माझ्या हातात सुंडलचं, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचं, ताट होतं. ते मी पाहुण्यांच्या पुढे केलं. त्यांनी खाल्लं, हात धुतले आणि गेले. त्यांचा फोन आला नाही. गोमतीला कंपनीने फोन केला, तिने उचलला नाही. ‘माझं अर्धवट काम चारचौघांत दाखवून अण्णांनी माझी शोभा केली,’ असं ती लोकांना सांगत होती. माझ्याही कानावर आलं. मी ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी दुपारच्या बसने तो निघाला. डबा बॅगेत घातला नव्हता.

‘आता कंपनी कुणाची?’ मी विचारलं.

‘दुसऱ्याची, मामा.’

‘निदान तिथे तरी पगाराचं काम कर. बटणांचे आवाज ऐकत बसू नकोस.’

‘बरं.’

‘गोमतीशी बोललास?’

‘काय बोलायचं?’

‘मला काय माहीत,’ मी म्हणालो.

कंडक्टर आमच्या तोंडाकडे बघत होता, ही कुठली भाषा म्हणून. बस सुटली, आणि गावात ती बोलणारा मी एकटा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने मी तिरुभुवनमला गेलो. गोमती दारात आली. बसा म्हणाली नाही. मीही बसलो नसतो. उभ्यानेच सांगितलं, की तारीख माझी होती, पूजा माझी होती, आणि हात लावू नको असं बजावणाराही मीच. सहासष्ट वर्षांत असं काही मी कुणाला सांगितलं नव्हतं. आतल्या मागाचा आवाज थांबला होता.

‘मग अण्णांनी त्या दिवशी तुमचं नाव का नाही घेतलं, अय्या?’

‘अक्कल नाही म्हणून,’ मी म्हणालो, आणि तिच्याकडून कागद मागून नोकरीच्या पत्रावरचा त्याच्या बेंगळुरूच्या ऑफिसचा नंबर लिहून दिला.