तिथीची पाऊणपट

माझ्या कारपूलवाल्या शेजाऱ्याला अमेरिकेत, बेलव्ह्यूला येऊन पंधरा वर्षं झाली, पण गडी अजून तिथीवर चालतो. ऑफिसची मीटिंग पुढे ढकलली, तर आधी "त्या दिवशी अमावास्या आहे यार," असं कुरकुरतो आणि मग मुकाट्याने हजर राहतो.

हा मूळचा हर्णैचा. तिकडे भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला सहा वाजता भरती.

यंदा तो बायको आणि मुलीला घेऊन इंग्लंडमधलं एक बेट बघायला गेला. तिथे सुरुवातीच्या ख्रिस्ती साधूंचा जुना मठ आहे आणि बेटावर जायचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. रस्त्याच्या तोंडाशी वेळापत्रकाचा हा एवढा मोठा बोर्ड होता. मुलगी ओरडली, "बाबा, जस्ट रीड इट!" ह्याने सकाळीच गाडी न थांबवता थेट बेटावर नेली. त्या दिवशी द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि पाणी उतरून साडेचारला परतीचा रस्ता मोकळा.

साडेचारला रस्त्यावर समुद्र होता.

हे मला वहिनींनी सांगितलं. मग तीन तास तिघं मठाच्या पडक्या भिंतीला टेकून बसले. हा हर्णैच्या गोष्टी सांगत होता आणि मुलगी पहिल्यांदाच कानातले इअरफोन काढून ऐकत होती.

सोमवारी गाडीत बसल्यावर मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने उगाचच आरसा नीट केला.

"सूत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "इंग्लंड तीन तास लेट आहे."