जोडे चावत तर नाहीत ना

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी चामड्याचं काम शिकायला घेतलं. ऑफिसचं काम आठवड्यातले तीन दिवस घरूनच चालायचं, आणि जयपूरच्या प्रताप नगरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाबा आणि मी अशी दोनच माणसं उरली होती. बाबा रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी अडतीस वर्षांची, लग्न न केलेली. आमचं दोघांचं सगळं बोलणं आईमार्फत चालत होतं, हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ‘बाबांना विचार, भाजी कुठली आणू.’ ‘तिला सांग, स्वेटर घालून जा.’ आता मधलं माणूस नव्हतं, आणि घर दिवसभर गप्प असायचं.

हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून मी एक व्हिडिओ पाहून सामान मागवलं. चामड्याचे चार-पाच तुकडे, भोकं पाडायचा टोचा, दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि रुंद पात्याची एक बुटकी सुरी. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी पाकीट करायला बसले. तुकडे उलगडताच त्यांचा वास खोलीभर पसरला. मला तो आवडला.

बाबा चहासाठी बाहेर आले आणि दारातच थांबले.

“हे काय?”

“छंद म्हणून शिकतेय, बाबा. पाकीट करतेय.”

ते टेबलाकडे बघत राहिले. मग पुटपुटले, “रापी उलटी धरलीस.”

“काय म्हणालात?”

ते चहा न घेताच खोलीत गेले. दुसऱ्या दिवसापासून ताट खोलीत नेऊ लागले. जयपूरच्या जानेवारीत, हात गारठून जातात अशा थंडीत, ते हॉलच्या खिडक्या सताड उघड्या टाकत. उदबत्त्या लावत. मला वाटलं, आई गेल्यामुळे ते असे झालेत.

पाकीट बिघडलं ते बिघडलंच. टाके दारू प्यायल्यासारखे वाकडे, कडा फाटलेल्या, माझ्या बोटांना तीन पट्ट्या. कुणीतरी समोर बसून दाखवल्याशिवाय हे जमणार नाही असं वाटून मी एका रविवारी चारदीवारीत, तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात गेले. एका अरुंद गल्लीत मोजड्या शिवणारे साठीच्या पुढचे एक कारागीर होते. दोन-तीनदा मागे लागल्यावर त्यांनी मला समोर पाटावर बसू दिलं. माझं पाकीट त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग माझ्या पिशवीतली ती सुरी उचलली.

“मैडम, रांपी ऐसे पकड़ते हैं. आप उलटी पकड़ रही हो.”

बाबा दारात पुटपुटले होते ते हेच.

“घर में किसी ने किया है ये काम?” त्यांनी विचारलं.

“नहीं.”

“हाँ, दिख रहा है,” ते हसून म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला दुसरं काही सुचेना. त्या सुरीला रापी म्हणतात हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओत तिला इंग्रजी नाव होतं. आयुष्यभर फायली लिहिलेल्या माझ्या बाबांना ते कसं माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गॅलरीत उन्हात बसून मटार सोलत होते. मी शेजारी खुर्ची ओढली.

“बाबा, तुम्हाला रापी हा शब्द कुठून माहीत?”

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.  समोरच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याची मोटर बंद केली.

“तुझा आजा जोडे शिवायचा,” ते म्हणाले.

“तुम्ही तर शेती सांगायचात.”

“सांगायचो.”

मग ते बोलायला लागले, आणि बोलता बोलता त्यांची मराठी बदलली. ऑफिसातली, पत्रव्यवहारातली मराठी गळून पडली. जी खाली होती ती मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेली नव्हती.

“दारात दगडी कुंडी व्हती. तिच्यात कातडं भिजत असायचं. शाळंला जायच्या आधी तिचं पाणी बदलायचं काम माझं. हाताला वास यायचा. राख लावायचो, लिंबाचा पाला चोळायचो. जायचाच न्हाई. मास्तर बाकीच्या पोरांच्या वह्या हातात घ्यायचे. मला म्हणायचे, जमिनीवर ठेव. आन् पट्टीनं पान उलटायचे.”

शेंगा सोलणं त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं. दाणे भांड्यात पडत होते, काही बाहेर.

“रेल्वेचं पत्र आलं तवा बापानं आठ दिवस खपून बूट केले. बंद बूट, साहेबाचे असतात तसे. म्हणला, नोकरीवर चपला घालून जाऊ नगं. मी ते घालून निघालो. डब्यात माणसं दाटून बसल्याली. मला वाटायला लागलं, समद्यांना माझ्या पायातनं वास येतोय. जंक्शनला गाडी बदलायची व्हती. तिथं बाकाखाली काढून ठिवले आन् स्टेशनाबाहेरनं कापडी बूट घेतले.”

“खरंच येत होता वास?”

“काय म्हाईत. मला येत व्हता.”

महिन्याभराने आजोबांचं पत्र आलं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं, पोस्टमनकडून लिहवून घेतलेलं. तब्येत, जेवणखाण, साहेब कसा आहे, सगळं विचारून झाल्यावर शेवटी एक ओळ होती : जोडे चावत तर नाहीत ना.

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

“लिहिलं, न्हाईत. चांगले बसलेत.”

पुढच्याच वर्षी आजोबा गेले. बाबा गावी पोचले ते कापडी बूट घालूनच.

“मी बदली मागून घेतली,” बाबा म्हणाले. “लांबातली लांब. तुझ्या अंगाला ते लागू नये म्हणून तुला हितं वाढवली. आन् तू ते कुरिअरनं घरात मागवलंस.”

“मला माहीत नव्हतं, बाबा.”

त्यांनी शेवटची शेंग सोलली. मीच म्हणाले, “मी बंद करते हे.”

“तुझं घर आहे,” ते म्हणाले. मराठी पुन्हा हेडक्लार्कची झाली होती. भांडं उचलून ते आत गेले.

लहानपणापासूनच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ मला त्या दिवसांत लागत गेला. आम्ही कधी गावी गेलो नाही. माझ्या कुठल्याही फॉर्मला बाबांनी जातीचा दाखला जोडला नाही. शहरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीला आम्ही कधी गेलो नाही. बाबांना गर्दी सोसत नाही, असं आई सांगायची. पण मराठी माणूस पहिल्या पाच मिनिटांत आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग गावात घर कुठे ते विचारतो. जयपूरच्या लोकांना आमच्या आडनावावरून काहीच कळत नसे. ‘मराठी हैं? अच्छा.’ तिथे संपायचं. त्या ‘अच्छा’साठी बाबांनी सगळं सोडलं होतं.

मी सामान खोक्यात भरून माळ्यावर टाकलं, पण शिकणं सोडलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. मला राग आला होता. त्या मास्तरांचा आला होता, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही. एक अख्खा आजोबा त्यांनी माझ्यापासून लपवला होता. मी दर रविवारी त्या गल्लीत जाऊन बसायचे.

“कुठे जातेस?” बाबांनी एकदा विचारलं.

“मैत्रिणीकडे. सी-स्कीमला.”

“बरं.”

परत आले की माझ्या ओढणीला वास असायचा. त्यांना तो येत नसेल हे शक्यच नव्हतं. ते मान खिडकीकडे वळवायचे आणि म्हणायचे, “जेवून घे.” मी खोटं बोलत होते, ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. चार महिने आम्ही असे राहिलो. दर रविवारी मी ठरवायचे, आज सांगायचं. सांगायचं म्हणजे काय, तेच सुचायचं नाही.

मे महिन्यात त्यांना ताप आला. दोन दिवसांत छाती भरली. हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते. बाहेर लूचा गरम वारा चालला होता, वॉर्डाच्या काचा तापलेल्या असायच्या. तोंडावर मास्क होता, बोलणं कळत नव्हतं. एका दुपारी त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं. मी मास्क थोडा बाजूला केला, कान त्यांच्या तोंडाशी नेला. मनात आलं, आता सांगून टाकावं, मी मैत्रिणीकडे जात नव्हते.

“तिला सांग,” ते म्हणाले, “पंखा कमी कर.”

मी पंखा कमी केला. त्यानंतर ते बोलले नाहीत.

त्यांची खोली आवरताना मी आजोबांचं ते पत्र शोधलं. पेन्शनची कागदपत्रं, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, बदलीचे सगळे आदेश तारखेप्रमाणे लावलेले. पत्र नव्हतं. गाद्यांच्या खाली, कपाटाच्या कागदाखालीही पाहिलं. आजोबांचा एखादा फोटो असेल असं वाटलं होतं, तोही नव्हता. ते कसे दिसायचे हे सांगणारं आता कुणी नाही.

दीड महिन्याने मी पुन्हा चारदीवारीत गेले. कारागिरांनी इतके दिवस कुठे होतात म्हणून विचारलं. मी बाबांचं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. तेव्हा मी म्हणाले, “मेरे दादाजी जूते बनाते थे.”

“आपने तो कहा था, घर में किसी ने नहीं किया.”

“मुझे पता नहीं था.”

“और पिताजी?”

“उन्होंने छोड़ दिया.”

“अच्छा किया,” ते म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल, निदान आश्चर्य तरी वाटेल. तसं काही दिसलं नाही. “मेरे दोनों बेटे भी छोड़ गए. एक मोबाइल ठीक करता है, एक बाहर है. मैंने ही कहा, छोड़ो.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “आप क्यों पकड़ रही हो?”

 छंद म्हणून, असं त्यांच्यासमोर म्हणवेना. आजोबांसाठी म्हणावं तर तेही खरं नव्हतं. ज्यांचा चेहरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी कोण काय करतं? बाबांसाठी तर मुळीच नाही.

त्यांनी हात पुढे केला. पिशवीत चष्म्याचं एक घर होतं, बाबा आजारी पडायच्या आधी अर्धवट शिवलेलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि मला परत दिलं.

“टाँका ढीला है. पूरा उधेड़ो.”

त्या दिवशी ते मैडम म्हणाले नाहीत. मी पाटावर सरकून बसले आणि टाके उसवायला घेतले. गल्लीत दोन ई-रिक्षा समोरासमोर अडकल्या होत्या, हॉर्न वाजत होते. दोरा मेणाचा होता, सहज सुटत नव्हता. एकेक टाका सुईने उचलून काढावा लागत होता, आणि चामड्याला पडलेली भोकं तशीच राहत होती.